न नांगरलेल्या शेताचे इंगोले सर

जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका बँकेत, रांगेत उभे असताना, डॉ. पुंडलिक इंगोले यांनी शेजारच्या कुंडीत बोट खुपसले, बोटाला लागलेली माती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि ती जिभेवर ठेवली. त्यांच्या पुढचे गृहस्थ आपोआप एक पाऊल सरकले. खिडकीमागची मुलगी हातातली मोजणी थांबवून बघत राहिली.

"बेटी," सर म्हणाले, "इसको रोज़ कौन खोदता है?"

"माली, सर."

"माली को बोलो, महीनाभर छुट्टी ले. पौधा अपने आप ठीक हो जाएगा."

मी त्यांच्या मागे, महाविद्यालयाचे काही कागद घेऊन, उभी होते. त्या क्षणी या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असा चेहरा मी केला, हे आज कबूल करते. तो चेहरा पुढे मला वारंवार करावा लागला, आणि एका टप्प्यानंतर तो करण्याची गरज वाटेनाशी झाली.

मी मूळची रसायनशास्त्राची. यजमानांची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली तेव्हा मुले लहान होती. ती हाताखालून निघाल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, शहराबाहेरच्या एका कृषी महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेत मी नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखत घ्यायला विभागप्रमुख म्हणून इंगोले सर बसले होते. बाकीचे दोघे माझी पदवी आणि तिचे वर्ष यांतले अंतर मोजत असताना सरांनी विचारले, "तुम्हाला नेमकं काय येतं, बाई?"

घाबरून मी म्हणाले, "वजन करता येतं."

"बस्स!" सर खुर्चीत मागे रेलले. "इथं मतं सगळ्यांनाच देता येतात. वजन कोणाला करता येत नाही, बाप्पा."

अशा रीतीने मी पुढली कित्येक वर्षे त्यांच्यासाठी धूळ तोलत राहिले.

सर अकोल्याकडचे. काळ्या, चिकट, पावसाळ्यात चप्पल गिळणाऱ्या मातीत वाढलेला हा माणूस वाळूच्या मुलखात येऊन पडला आणि तिच्या प्रेमातच पडला. त्यांचा विषय होता संवर्धित मशागत. नाव जड आहे, गोष्ट साधी. पीक कापून नेल्यावर त्याची धसकटे आणि काडीकचरा शेतातच राहू द्यायचा, नांगर घालायचा नाही, आणि पुढच्या हंगामात त्या कचऱ्यातूनच बारीकशी चीर पाडून बी पेरायचे. जयपूरच्या आसपासची माती हलकी. उन्हाळ्यात नांगरून ती मोकळी केली की मे महिन्यातली आंधी तिला उचलून नेते, आणि आंधी मोठी चोखंदळ असते: जाड वाळू मागे ठेवते आणि जी बारीक, जी कसदार, तीच माती आधी नेते. "शेतकरी खत विकत आणतो आणि कस वाऱ्याला फुकट वाटतो," असे सर म्हणत. त्यांचे दुसरे आवडते वाक्य असे होते: "माणसाला दोन हात आहेत, हीच मातीची मोठी अडचण."

हे तत्त्व त्यांनी शेतापुरते ठेवले नव्हते. शहरातल्या सोडाला वस्तीत ते एका घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत. कुटुंब अकोल्यात, इंगोले काकूंना तिथल्या शाळेतली नोकरी सोडायची नव्हती. घरापुढे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि अंगणाची मालकी पुष्पाजी नावाच्या घरमालकिणीकडे, ज्यांचा दिवस खराट्याने सुरू होई. पडलेली पाने झाडून नेऊ नयेत असा सरांचा आग्रह. अंगण झाडले नाही तर लक्ष्मी दारातून परत जाते असा पुष्पाजींचा. बऱ्याच वाटाघाटींनंतर अंगणाच्या मधोमध विटांची एक रांग लावण्यात आली. अलीकडचा अर्धा पुष्पाजींचा, पलीकडचा सरांचा. दोन पावसाळ्यांनंतर सरांच्या अर्ध्यात एक गांडूळ निघाले. सरांनी गल्लीत मोतीचुराचे लाडू वाटले.

"भाईसाब," पुष्पाजी म्हणाल्या, "पोते के लड्डू खाए, नौकरी के खाए, केंचुए के पहली बार खाए."

"कैसे लगे?"

"घी कम था."

माझ्या मुलीने एकदा मला विचारले होते, "आई, ते इंगोले अंकल मतलब खरंच माती खातात?" मी म्हणाले, खात नाहीत, चाखतात. हा फरक तिला पटला नाही. बहुधा मलाही पुरता पटला नसावा.

मात्र मातीला हात न लावणाऱ्या या माणसाला बाकी कशालाही हात लावल्यावाचून राहवत नसे. प्रयोगशाळेतला सूक्ष्म तराजू किंचित डावीकडे झुकतो अशी मी तक्रार करताच त्यांनी तो दुरुस्तीसाठी स्वतः उघडला. त्यानंतर तो कोणत्याच बाजूला झुकेनासा झाला. भिंतीवरचे घड्याळ, मदतनिसाची सायकल, माझा चष्मा, सगळे त्यांच्या हाताखालून गेले आणि थोडेथोडे वाईट होऊन परतले. "त्याला राहू द्या, सर," असे आम्ही कळवळून म्हणत असू आणि ते गंभीरपणे म्हणत, "हे यंत्र आहे, बाई. हे काही माती नाही."

त्यांचा खरा प्रयोग महाविद्यालयाच्या आवारात नव्हता. आवारातली जमीन लाडावलेली असते, असे त्यांचे मत. शहरापासून तासाभरावर, मोठा रस्ता सोडून आत गेले की शेतातच घरे बांधून राहणाऱ्यांच्या छोट्या वस्त्या लागतात. तिकडे त्यांना ढाणी म्हणतात. अशा एका ढाणीतल्या तीन शेतकऱ्यांना सरांनी राजी केले होते. पहिल्या वर्षी पीक कमी आले. सरांनी ते आधीच सांगून ठेवले होते, पण कमी येईल असे ऐकणे आणि कमी आलेले पाहणे यांत अंतर असते. एकाच्या धसकटांना वाळवी लागली; तो प्रयोगातून सुटला. दुसऱ्याच्या म्हशींना बाजरीची कडबी पुरेना, शेतात वीतभरही सोडणे त्याला परवडेना, तोही सुटला. त्या दोघांवर सर रागावले नाहीत. "म्हैस माझ्यापेक्षा शहाणी आहे," म्हणाले. "तिला आजचं कळतं."

उरला भंवरलाल. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, भली मोठी पगडी घालणारा शेतकरी. तो का टिकला, हे त्याने एकदा सरांच्या देखतच सांगितले: "साब का विज्ञान तो मेरे पल्ले नहीं पड़ा. डीज़ल का खर्चा पल्ले पड़ा." त्याच्या शेतात पाच उन्हाळे नांगर फिरला नाही. कडेला खांबांवर सरांनी वाऱ्याच्या दिशेने तोंड केलेले पत्र्याचे डबे बसवले होते. उडणारी माती त्यांत जमा होई. तसेच डबे शेजारच्या, नांगरलेल्या शेताच्या कडेलाही होते. भंवरलालची मुलगी सुगना दर रविवारी ते डबे रिकामे करून, वहीत तारीख आणि वाऱ्याचा अंदाज लिहून, पिशव्या आमच्याकडे पाठवी. तिच्या अक्षरात एक शेरा नेहमी असे: "आँधी साधारण", "आँधी तेज", एकदा "आँधी ऐसी कि खाट उड़ी". मी त्या पिशव्या तोले. शेजारच्या शेताची पिशवी भरलेली असे, भंवरलालची चिमूटभर. चौथ्या वर्षी त्याच्या शेतातली माती मुठीत दाबल्यावर ढेकूळ धरू लागली होती, रंग जरासा गडद झाला होता, पीक शेजाऱ्यांच्या बरोबरीला आले होते. पाचव्या वर्षी सरांनी मला अहवालाची पहिली ओळ लिहायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी खोडायला सांगितली. "घाई नको. सहावा उन्हाळा जाऊ द्या. एकच शेत आहे आपल्यापाशी."

त्या सहाव्या उन्हाळ्याच्या तोंडाशी भंवरलाल ताकात शिजवलेल्या बाजरीच्या राबडीची किटली घेऊन प्रयोगशाळेत आला. आल्याआल्या त्याने राम-राम केला आणि किटली टेबलावर ठेवली.

"साब, छोरी का रिश्ता आया है."

"अरे वा! मग तोंड असं काहून?" सर मराठीतच म्हणाले, आणि मग हिंदीत, "अच्छी बात है! लड़का क्या करता है?"

"मास्टर है, साब. घर अच्छा है. रविवार को लड़के के दादाजी आ रहे हैं, घर-ज़मीन देखने. सड़क से आएँगे." तो थांबला. "सड़क पर मेरा ही खेत है."

सरांच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही. तेव्हा भंवरलालने पगडी काढून गुडघ्यावर ठेवली आणि समजावून सांगितले. मे महिन्यात सगळ्या शिवारात नांगरट झालेली असते. तांबूस, मऊ, रेघा ओढलेली शेते दिसतात. मधोमध एकच शेत धसकटांचे, दाढी वाढलेल्या माणसासारखे. मुलगी पाहायला येणारे लोक आधी शेत पाहतात. ज्याचे शेत वैशाखात असे पडलेले, तो माणूस एक तर दारू पितो, नाही तर भावाशी कोर्टात भांडतो, नाही तर त्याच्यात दम उरलेला नाही. यातले काहीही असले तरी त्याच्या घरची मुलगी कोणी करत नाही. याआधीचे एक स्थळ रस्त्यावरूनच परत गेले होते. चहालाही थांबले नव्हते.

"मैंने आपको बताया नहीं था," भंवरलाल म्हणाला. "आपको बुरा लगता."

सरांनी पेन उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. नवे शेत शोधून नवे पाच उन्हाळे काढण्याइतका अवधी त्यांच्याजवळ नव्हता, आणि हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होते.

"जोत दो," ते म्हणाले; नांगरून टाका.

भंवरलाल भांडणाच्या तयारीने आला असावा. इतक्या सहज मिळालेल्या परवानगीने तो गोंधळला. "साब, पूरा नहीं..."

"रिश्ता छोरी का है, भंवरलालजी. मेरे कचरे का नहीं."

मग दोघांची उलटी घासाघीस सुरू झाली: सर सगळे शेत द्यायला निघालेले आणि भंवरलाल कमी घ्यायला. अखेर असे ठरले की केवळ रस्त्याकडची पंधरा पावलांची पट्टी नांगरायची. गाडीतून येणाऱ्याला तेवढीच दिसेल. मागे धसकटे आहेत ती राहतील. घराला पुढून रंग लावावा, तसे.

तो गेल्यावर सरांनी मला विचारले, "बाई, बरोबर केलं ना मी?"

"हो, सर," मी म्हणाले. मी नेहमीच हो म्हणत असे.

पट्टीवर ट्रॅक्टर फिरला त्या दिवशी सर स्वतः गेले. चुन्याची रेघ त्यांनी आखून दिली आणि काठावर उभे राहिले. न्हाव्यापुढे बसलेल्या मुंजमुलाच्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता, असे सोबत गेलेल्या मदतनिसाने येऊन सांगितले.

रविवारी आम्हा दोघांनाही आमंत्रण होते. शहरातले डॉक्टरसाहेब आणि मॅडम घरी येतात याने स्थळाचे वजन वाढते, असा भंवरलालचा हिशेब. पाहुणे अकराच्या सुमारास आले. मुलाचे आजोबा घासीरामजी, दोन काका, एक आत्या. घासीरामजी ऐंशीच्या घरातले, काठी घेऊन पण काठीवर न रेलता चालणारे. जीपमधून उतरताच त्यांनी रस्त्याकडे वळून पाहिले आणि मान डोलावली. "खेत बढ़िया त्यार राख्यो छै." शेत छान तयार ठेवले आहे. भंवरलाल हसला. सर आपल्या चपलांकडे पाहू लागले.

पुरुष बाहेर कडुनिंबाखाली बसले. मला आत बायकांत नेले. तिथे सुगना पिवळी ओढणी घेऊन चुरमा कालवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग होता.

"मैडमजी," ती हळूच म्हणाली, "आपने पापा को रोका क्यों नहीं?"

मी म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी आहे.

"काहे का भला? आधा खेत देखके ले जाएँगे, फिर एक दिन पूरा दिखेगा. ताने तो मुझे ही सुनने हैं ना, पापा को थोड़ी. और साब को भी नहीं." तिने लाडू दाबून वळला. "जो है सो पूरा दिखाओ. पसंद नहीं तो राम-राम."

ही गोष्ट बाहेर जाऊन सरांच्या कानावर घालावी असे मला तीव्रतेने वाटले. पण बाहेर पुरुष बसलेले, मध्ये उंबरठा, आणि मी अशी भिडस्त. दोनदा उठले, दोनदा पाण्याचा लोटा इकडचा तिकडे करून बसले.

ताटे वाढली गेली. डाळ, बाटी, चुरमा, तुपाची धार. घासीरामजींनी पहिला घास उचलला असेल-नसेल, तोच पश्चिमेकडे आकाश पिवळे झाले. जयपूरकडच्या माणसाला आंधी येताना सांगावी लागत नाही. पाहता पाहता ती भिंतीसारखी उभी राहिली आणि अंगावर आली. खाटा उलटल्या, पत्रावळी उडाल्या, पुरुष डोळे मिटून पडवीकडे धावले, बायकांनी ओढण्या ताटांवर टाकल्या. पंधराएक मिनिटे कुणाला कुणी दिसत नव्हते. मग वारा जसा आला तसा पडला, आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सगळ्यांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. चुरम्यावर मातीचा थर होता, तुपात गाळ बसला होता.

"आँधी है, आँधी का क्या!" भंवरलाल घाईघाईने म्हणाला. "दूसरी थाली लगाओ!" काकांनीही होकार दिला. आंधी कुणाच्याही घरी येते; यात कमीपणा नव्हता. गोष्ट इथेच मिटली असती.

पण सरांनी घासीरामजींच्या ताटातली माती बोटावर घेतली होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मीही दाराशी ठेवलेल्या ताटातली पाहिली. शेजारच्या शेतांतून येते तशी ती नुसती वाळू नव्हती. तिच्यात कुजून काळपट झालेले काडीचे बारीक कण होते, सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, धसकटांचे. असे कण त्या सगळ्या शिवारात एकाच शेतात होते. पाच वर्षे जमत आलेला तो थर पंधरा पावलांच्या पट्टीतून उठून पाहुण्यांच्या तुपात पडला होता. सरांनी तो जिभेवर ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबूजी," ते घासीरामजींना म्हणाले, "ये मिट्टी इसी घर की है."

भंवरलालने डोळे मिटून घेतले.

"सड़क के पास जो जुता हुआ दिखा ना आपको, वो सिर्फ आपके लिए जोता है. बुधवार को. बाकी खेत पाँच साल से ऐसा ही पड़ा है. मैंने पड़ा रखवाया है." आणि मग, कोणी न विचारता, त्यांनी सगळे सांगितले: धसकटे, डबे, पहिल्या वर्षीचे कमी पीक, वाळवी, मागचे परत गेलेले स्थळसुद्धा. हिंदी अडली तिथे मराठी घातली. मधूनमधून "बाप्पा" म्हणत होते. आत आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला. सुगनाची आई भिंतीला टेकली. सुगना मात्र पहिल्यांदाच सरळ बसली.

घासीरामजींनी सगळे ऐकून घेतले, काठी उचलली आणि म्हणाले, "तो पूरा दिखाओ."

सगळी मंडळी मागच्या शेतात गेली. मीही गेले, उंबरठ्याचे मला तेव्हा भान राहिले नाही. धसकटांत उभे राहून घासीरामजींनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"देखने में तो बहुत बुरा है."

"जी," सर म्हणाले, "बहुत बुरा."

"और हमें बुलाकर छुपाया."

"जी."

"किसने छुपाया?"

"मैंने," सर म्हणाले. त्याच क्षणी भंवरलालही म्हणाला, "मैंने."

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "पहली थे दोन्यूँ तय कर ल्यो, छोरी को बाप कुण छै." मुलीचा बाप कोण, हे आधी तुम्ही दोघे ठरवून घ्या. एक काका खाकरला, दुसरा हसला.

मग सरांना कुठून धीर आला कोण जाणे. त्यांनी पाण्याचे दोन पेले मागवले. एकात नांगरलेल्या पट्टीतले ढेकूळ सोडले, दुसऱ्यात धसकटांखालचे. पहिले बघता बघता विरघळून तळाशी वाळू झाले. दुसरे पाण्यात तसेच बसून राहिले, कडेने किंचित झिजत. घासीरामजी वाकून दोन्ही पेले पाहत होते. दुसऱ्यांदा वाढलेले ताट त्यांनी संपवले आणि "खबर करेंगे" एवढेच म्हणून जीपमध्ये बसले.

खबर आली नाही. एक आठवडा गेला. प्रयोगशाळेत सर घड्याळाकडेही हात नेईनात, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. एकदा म्हणाले, "बाई, त्या पोरीचं मी वाटोळं केलं. गप्प बसलो असतो तर दोन घास माती पोटात गेली असती, बाकी काय?" तेव्हा मी, फार उशिरा, सुगना चुरमा वळताना जे बोलली होती ते त्यांना सांगितले. सर माझ्याकडे वळले. "हे तुम्ही तेव्हाच काहून नाही सांगितलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या दारात काठी वाजली. घासीरामजी बसने, एकटे, दोन बस बदलून आले होते. त्यांनी खांद्यावरचा गमछा टेबलावर सोडला. आत एक ढेकूळ होते.

"म्हारो खेत छै," ते म्हणाले. "गिलास मँगाओ."

सरांनी पेला मागवला. ढेकूळ पाण्यात पडले आणि चहातल्या बिस्किटासारखे खाली बसले. घासीरामजी त्या गढूळ पाण्याकडे बघत राहिले. हे त्यांना अपेक्षित असावे, तरी आवडले नाही.

"साठ बरस जोता है इसको," ते शेवटी म्हणाले. मग चिडूनच: "सगाई पक्की है. भंवरलाल को बोल देना. और उस छोरी की वो कॉपी, जिसमें हवा लिखती है, वो साथ लाए."

लग्न देवउठनी, म्हणजे कार्तिकी, एकादशीनंतर झाले. सर वधूपक्षाकडून बसले होते आणि त्यांना पगडी बांधली होती, ती त्यांनी दोनदा सोडून स्वतः बांधण्याचा प्रयत्न केला. भंवरलालच्या शेतातली पंधरा पावलांची पट्टी मात्र सहाव्या उन्हाळ्यात हिशेबातून गेली. अहवालात सरांनी ती लपवली नाही. "या भागाची मशागत संशोधकाच्या संमतीने करण्यात आली" असे एक वाक्य लिहिले आणि कारणाच्या रकान्यात, माझ्या विनंतीला न जुमानता, "विवाह" असे लिहिले.

जानेवारीअखेर ते निवृत्त व्हायचे होते. त्याच आठवड्यात घासीरामजींचा निरोप आला: एक बिघा जमीन न नांगरता बाजरीच्या धसकटांतच सरसू पेरली आहे, सगळे गाव हसते आहे, डॉक्टरांनी येऊन जबाब द्यावा. आम्ही महाविद्यालयाची गाडी घेऊन गेलो. चहूबाजूंनी सरसू फुललेली, कमरेपर्यंत पिवळी. आणि मध्ये घासीरामजींचा बिघा, विरळ, जागोजागी टक्कल पडल्यासारखा. सुगना घुंघट ओढून बांधावर उभी होती, हातात नवी वही. तिने मला पाहून घुंघटातूनच हात हलवला.

"ये देखो," घासीरामजींनी काठीने दाखवले. "ये देखो. और ये देखो."

"हाव, बाबूजी," सर म्हणाले. "पहले दो बरस ऐसा ही रहेगा."

"दो बरस! मैं अस्सी का हूँ!"

"तो क्या हुआ? बहू बीस की है."

घासीरामजींचे समाधान झालेले दिसले नाही. वाद पुढे चालू राहिला: तण, वाळवी, शेजाऱ्यांची थट्टा, पेरणीची खोली. ऊन उतरू लागले. गाडी पाचपर्यंत परत पोचवायची होती. चालक दोनदा येऊन गेला. सरांनी मला सांगितले, "तुम्ही निघा, बाई. मी सकाळच्या बसने येतो." पण सकाळी ते, समारंभ टाळून, परस्पर स्टेशनवर गेले, आणि तिथून अकोल्याला. निरोपसमारंभासाठी आणलेला हार दोन दिवस प्रयोगशाळेतच राहिला. पुढे फोन होत राहिले, दिवाळीला, संक्रांतीला, ते दरवेळी येतो म्हणत राहिले आणि मग एका वर्षी ते म्हणायलाही नव्हते. त्यामुळे मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या संध्याकाळी, गाडी वळताना.

घासीरामजींनी तावातावाने बाजरीचे एक वाळके धसकट उपटले होते आणि मुळे सरांच्या नाकासमोर धरली होती. वाळवी दाखवायची असावी. सरांनी ते त्यांच्या हातून घेतले, मुळांना लागलेली माती पाहिली, आणि मग खाली बसून ते मेलेले खोड पुन्हा त्याच खळग्यात उभे केले. भोवतालची माती लोटून तळहाताने दाबली. ते वाकडे झाले. सरांनी उपटून पुन्हा रोवले. घासीरामजी थोडा वेळ वरून पाहत राहिले; मग काठी बांधावर टाकून, गुडघ्यावर हात टेकत, तेही खाली बसले, आणि एका बाजूने त्यांनी ते धसकट सरळ धरून ठेवले.